गावाला गेलेला मुलगा

भाडेकरूच्या दाव्यासाठी मी शिवाजीनगर कोर्टात गेले होते. बाकावर शेजारच्या बाई पदराला पीळ घालत सारख्या दाराकडे बघत होत्या. मी विचारायच्या आतच म्हणाल्या, "मुलाच्या अटकपूर्व जामिनाची सुनावणी आहे. टोळीतल्या पोरांच्या गाड्या दुरुस्त केल्या, म्हणून त्यालाही मकोका लावला. त्यात असा जामीन मिळतच नाही म्हणे. मकोका त्याला लागूच होत नाही, हे जजसाहेबांना पटलं तरच!"

"मुलगा कुठंय?"

"गावाला."

"कुठल्या?"

"अहो आजी, जामीन होईपर्यंत गावाला नाव नसतं!"

मला हसू आवरेना. तरुणपणी मी अशी शूर, की रात्री चौकात बिनदिव्याच्या सायकली पकडणारा हवालदार दिसला तर दिवा लावलेला असूनही सायकलवरून उतरून चालायची. आणि या बाई अख्ख्या पोलीस ठाण्याला झुलवत होत्या!

तेवढ्यात त्यांचे वकील धावतच बाहेर आले. "पुढच्या तारखेपर्यंत अटक नाही!"

बाईंनी माझा हात असा आवळला, की बांगडी रुतली. मी काही तो सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी फोन लावला.

"ये रे घरी. दिवसाढवळ्या ये, पुढच्या दारानं ये. आणि बेल जोरात वाजव, सगळ्या मजल्यांना ऐकू जाऊ दे!"