बाबांच्या कानाचं सेटिंग

मिल बंद झाली आणि बाबा घरी बसले ते अगदी बसलेच. आयुष्य लूम खात्यात गेलेलं. आता सकाळी पेपर, दुपारी पेपर, तोच पेपर. काही विचारलं की "हां", नाहीतर "बघू". आई शिवणाच्या मशीनवर. मी विजय नगरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते, मैत्रिणी लग्न होऊन गेलेल्या. मग डोक्यात हाय-फाय शिरलं, म्हणजे गाणी एकदम साफ वाजवणाऱ्या सिस्टिमचा नाद. सायबर कॅफेत बसून एका फोरमवर वाचायचे, लिहायचे. तिथले सगळे मला मुलगा समजून भाऊ म्हणायचे, मी पण कधी सांगितलं नाही.

सोपं आहे, सांगते. साध्या स्पीकरमध्ये जाड आवाज आणि बारीक आवाज वेगळे करायला आतच एक छोटं सर्किट असतं. मी ते काढून टाकलं आणि बाहेर डिजिटल क्रॉसओव्हर लावला, मतलब एक चपटा डबा, जो गाण्याचे आधीच दोन हिस्से करतो आणि दोन वेगळ्या ॲम्प्लिफायरला पाठवतो. मग बटण दाबून कुठलाही हिस्सा कमी-जास्त करा. हा जुना डबा लग्नात साउंड लावणाऱ्या एका भियाकडून, म्हणजे आमच्याकडच्या भैयाकडून, मिळाला. "दीदी, इससे तो पूरी बारात हिलती है, आप घर में क्या हिलाओगी?" त्याच्या आधी कन्व्हर्टर, सीडीतल्या आकड्यांचा आवाज करणारा दुसरा डबा, त्याचं किट मागवून मीच सोल्डर केलं होतं. फोरमवर हसले. तू आकड्यांचा आवाज करतोस, क्रॉसओव्हर त्याचे परत आकडे करतो, मग परत आवाज. करू दे ना. इतकं साफ वाजायचं, गाणारा श्वास घेतो तेसुद्धा कळायचं.

आता हे कुणाला तरी ऐकवायचं होतं. आणि कुणाला म्हणजे बाबांनाच, दुसरं होतं कोण. एक अख्खी सीडी माझ्या बाजूला बसून ऐकावी, बस. त्यांच्या आवडीची भजनं लावली. दीड भजन बसले, "छान आहे" म्हणाले आणि उठून दाराशी जाऊन उभे राहिले. दर वेळी तेच. मी सेटिंग बदलायचे, परत बोलवायचे, ते परत दाराशी.

एकदा स्पीकर तपासायची सीडी लावली होती. त्यात नुसती एक शिट्टी असते, जाड आवाजापासून बारीक बारीक होत वर जाते. बाबा समोरच पेपर वाचत होते. शिट्टी वर गेली तसे मी कान दाबले, आई स्वयंपाकघरातून ओरडली, "ते बंद कर, डोकं फुटेल." बाबांनी पान उलटलं.

मी सीडी थांबवली. बाबांना ऐकूच आलं नव्हतं.

भजनं लावली आणि बारीक आवाजाचा हिस्सा वाढवत गेले, वाढवत गेले. मला तर ताटावर खिळा घासल्यासारखं होत होतं. बाबांनी पेपर खाली ठेवला.

"थांब. हे टाळ यात आधीपासून होते?"

"होते बाबा."

"मग आजवर वाजवले का नाहीस?"

सगळी सीडी ऐकली त्यांनी. मध्ये मध्ये बोललेसुद्धा, हा पेटीवाला चांगला आहे, तो उगाच घाई करतोय. मी अर्ध्यात उठले. सहनच होईना, दाराशी जाऊन उभी राहिले. माझं सेटिंग लावलं की ते दाराशी, त्यांचं लावलं की मी. फोरमवर विचारलं तर एकानं लिहिलं, सिस्टिम बरोबर आहे, वडिलांचे कान चुकीचे आहेत. त्यानंतर मी बरेच दिवस कॅफेत गेले नाही.

मग एका रविवारी बाबांनी त्यांच्या खात्यातले तीन काका बोलावले. त्यांचेही कान तसेच, लूमने खाल्लेले. "अब आई ना आवाज़," एक काका म्हणाले आणि चौघं खूश. आवाज पूर्ण वर, आणि त्यातच यांच्या गप्पा चालू. खरं तर कुणी बोलतच नव्हतं. नुसते ओठ हलत होते, हात हलत होते. लूमच्या खडखडाटात बोलायची ती त्यांची पद्धत. आमच्या घरात बाबा असे कधीच बोलले नव्हते.

मी आईच्या डब्यातला कापूस कानात घातला आणि स्टूल घेऊन कोपऱ्यात बसले. कापसाने बारीक आवाज आधी दबतो. एकदम ठीक वाजायला लागलं, जवळपास माझ्या सेटिंगसारखं. पहिल्यांदा बाबांसोबत मी पूर्ण भजन ऐकत होते. एका काकांनी माझ्या कानाकडे बोट दाखवून ओठ हलवले, बाकीचे हसले. बाबा तर इतके हसले की डोळे पुसायला लागले. मी पण हसले.

सीडी संपली, सगळे चहाला निघाले.

"काका काय म्हणाले?" मी बाबांना विचारलं.

"काही नाही गं, मिलचं आहे." चप्पल घातली आणि त्यांच्या मागे गेले.

मी डबे एकेक करून बंद केले, आधी ॲम्प्लिफायर, मग बाकीचे. सेटिंग त्यांचंच राहू दिलं.