बदलापुरातल्या बोटीची बॅटरी

दिनानाथ गुप्ते यांना दहा मिनिटं सलग खुर्चीत बसलेलं कोणी पाहिलं असेल तर त्याने खुशाल हात वर करावा. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ते मेंटेनन्सला ऑफिसर होते, पण टेबलाशी कमी आणि पंपापाशी जास्त. एक्क्याण्णव साली रिटायर झाले आणि मग त्यांच्या पायांना काही धरबंदच उरला नाही. सकाळी चहाचा कप घेऊन बदलापूरच्या बंगल्यामागच्या अंगणात जायचं, बोटीभोवती तीन फेऱ्या मारायच्या, कुठेतरी टकटक करून बघायची आणि कप तिथेच विसरून यायचं.

हो, बोटीभोवती. बदलापुरात समुद्र नाही हे गुप्त्यांना ठाऊक होतं, आणि शेजाऱ्यांचंही ते अधूनमधून सांगून झालं होतं. माझगावात भंगारात निघालेली ही अठरा फुटी शिडाची बोट त्यांनी नोकरीत असतानाच ट्रकवर घालून आणली आणि ठोकळ्यांवर चढवली. सहा वर्षांत तिच्या निम्म्या फळ्या बदलल्या, शीड नवं शिवून घेतलं, वारा पडला तर अडायला नको म्हणून दोन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन बसवलं. बायकोला दिलेला शब्द एकच होता. रिटायर झालो की तुला या बोटीतून हर्णैला, माहेरी नेणार. उमाबाई लग्न होऊन आल्या त्या हर्णैहून आगबोटीने. आगबोटी बंद पडल्या, शब्द तेवढा राहिला.

आता सगळं अडलं होतं बॅटरीपाशी. इंजिन स्टार्टरवर चालू व्हायचं आणि स्टार्टरला बॅटरी हवी. कोणाही शहाण्या माणसाने हे काम एका दुपारात उरकलं असतं. गुप्त्यांनी त्यासाठी वही घातली.

शहाड स्टेशनजवळ भीमराव रोकडे यांचं बॅटरीचं दुकान होतं. आठवड्यातून दोनदा गुप्ते स्कूटरवरून तिथे हजर व्हायचे.

‘भीमराव, तेरा प्लेटची घेऊ की पंधरा?’

‘तेरा बस झाली, साहेब. एवढ्याशा इंजिनाला ट्रकची बॅटरी काय करायची?’

‘पण थंडीत इंजिन जड फिरतं.’

‘मग पंधरा घ्या.’

‘आणि वजन? बोट एका अंगाला झुकेल.’

‘मग तेरा!’

‘पण शिडाची बोट वाऱ्यात कलतेच हो. बुचातून ॲसिड सांडलं तर?’

‘खाली लाकडी ट्रे ठोका, वरून पट्टा आवळा. खालीपिली डोक्याला ताप करून घेता तुम्ही.’

एकदा मात्र त्यांनी विचारलं, ‘रात्रभर त्याच बॅटरीवर दिवा जाळला आणि सकाळी स्टार्टर फिरलाच नाही तर?’ तेव्हा भीमराव हातातलं काम ठेवून उठले. हा प्रश्न लाखाचा होता. ‘दिव्याला दुसरी, जुनी बॅटरी लावा,’ ते म्हणाले. ‘स्टार्टरची बॅटरी फक्त स्टार्टरची. तिच्यावर रेडिओसुद्धा वाजवायचा नाही.’ गुप्ते खूश झाले. ती खुशी दीड दिवस टिकली. मग त्यांनी उल्हासनगरच्या सिंधी व्यापाऱ्यांकडून आणखी चार कॅटलॉग आणले.

शेवटी ब्याण्णवच्या दिवाळीत तेरा प्लेटची नवी कोरी बॅटरी ठरली. नवी बॅटरी कोरडी येते. विकताना तिच्यात ॲसिड ओततात आणि त्या घटकेपासून तिचे दिवस मोजले जातात. भरून नुसती ठेवली तर आतल्या प्लेटा पांढऱ्या पडतात आणि ती न वापरताच जाते. भीमरावांनी ॲसिडचा कॅन उचलला. ‘भरू?’

‘नको नको! निघायच्या आदल्या दिवशी भरू.’

बॅटरी कोरडीच घरी आली आणि कपाटात उमाबाईंच्या शालूंखाली जाऊन बसली. त्या वर्षी वारा चांगला नव्हता. मग रंगाचा दुसरा हात द्यायचा राहिला. मग दोर कच्चे वाटले. मग पावसाळा. सवा वर्ष गुप्ते अंगणातून कपाटाकडे आणि कपाटापासून अंगणाकडे येरझारा घालत राहिले. रात्री नीट झोप नाही, जेवताना लक्ष नाही. कोणी विचारलं, ‘काय, निघाली का बोट?’ तर अंगावर धावून जायचे.

चौऱ्याण्णवच्या माघात ते कल्याणहून दोराचं भेंडोळं घेऊन परतले, तर अंगणात भीमराव. ठोकळ्यावर बॅटरी उघडी, भीमरावांच्या हातात ॲसिडचा कॅन, आणि चार हात लांब उमाबाई उभ्या.

‘थांबा!’ गुप्ते ओरडले. ‘कोणाला विचारून?’

‘वहिनी स्वतः दुकानात आल्या होत्या,’ भीमराव चाचरत म्हणाले. ‘सहातले चार सेल भरले, साहेब.’

‘तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही पाचवा कॅटलॉग आणला असता,’ उमाबाई म्हणाल्या. ‘कपाटात ही बॅटरी, अंगणात ती बोट, आणि या गुडघ्यांना मी रोज तेल चोळतेय. पडून पडून यातलं कोण किती टिकेल ते लिहिलंय का तुमच्या वहीत?’

गुप्त्यांना खूप राग आला होता. तो कुठे काढावा म्हणून त्यांनी बोटीकडे पाहिलं. फळ्या पक्क्या होत्या, शीड तयार होतं, दोर खांद्यावर होता. तपासायला काही म्हणजे काही उरलं नव्हतं. राग ओसरला आणि खाली निव्वळ भीती उरली. त्यांनी भेंडोळं खाली ठेवलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ते एका जागी उभे राहिले.

‘उमा,’ ते हळूच म्हणाले, ‘मला पोहता येत नाही.’

भीमराव उगाचच कॅनचं झाकण न्याहाळू लागले.

‘ठाऊक आहे. दिवाळसणाला हर्णैला आलात आणि घोट्याच्या वर पाण्यात गेला नाहीत, तेव्हाच कळलं.’

‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? काय होईल आपलं मधेच काही झालं तर?’

‘मला येतं की,’ उमाबाई म्हणाल्या. ‘भरा हो भीमराव, राहिलेले दोन.’