बेटावरचे तीनशे हक्की

आमचे हे, व्यंकोजीराव, तळ्याचे वॉचमन. महादेवपुराच्या पलीकडचं तळं, मधोमध बेट, बेटावर जुन्या गढीची पडकी भिंत आणि झाडांवर करकोच्यांची घरटी. बावीस वर्षं ह्यांची नोकरी तिथंच. पाखरं अंड्यांवर असली की भर उन्हात बेटावर ना स्वतः पाय ठेवतील ना दुसऱ्याला ठेवू देतील. मी एकदा तिथली वाळकी लाकडं आणायला निघाले, तर चार दिवस अबोला धरला माणसानं. असला अडेलतट्टू.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलात दिल्लीच्या समितीचे साहेब तळं बघायला येणार असं कळलं. त्यांनी 'राखीव करा' लिहिलं तर तळं वाचणार, नाहीतर भराव घालून प्लॉट पाडणार.

आलेले रत्नाकरसाहेब निघाले पुण्याचे. ह्यांना केवढा आनंद. म्हणाले, "आपलेच की. सगळं मराठीतच सांगतो." तिथंच माशी शिंकली. ह्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं कानडी मुलखात आलेलं. बोलतात मराठीच, पण निम्मे शब्द कानडी. पाखराला हे जन्मात पाखरू म्हणाले नाहीत, कानडीतलं हक्कीच म्हणतात. मी माहेरची निपाणीची, मला दोन्ही कळतं. पण नेमकी मी तेव्हा कॉफी करायला आत गेले होते.

बाहेर आले तर साहेब लिहिलेलं वाचून दाखवत होते. "बेटावर हक्क, तीनशेच्या वर. पिढ्यान्‌पिढ्या. पिल्लाबाळांसह मुक्काम. बरोबर?"

"सरी, साहेब," हे खुशीत म्हणाले. कानडीत सरी म्हणजे बरोबर, ठीक.

"मग सॉरी. लोकांचे क्लेम असलेली जागा राखीव होत नाही. लिस्टमधून काढावी लागेल."

मी कॉफी तशीच खाली ठेवली. "साहेब, हक्क नाही हो, हक्की. पाखरं म्हणतायत ते."

साहेब हसले नाहीत. फिरवलेल्या जबान्या त्यांनी पुष्कळ ऐकल्या असणार. दुर्बीण लावून ते बेटाकडं बघत राहिले. "पक्षी आहेत. पण भिंतही आहे. भिंतीमागं कोण राहतं?"

"कोणी नाही. गढीची भिंत ती," हे म्हणाले.

"मग दाखवा. होडी आहे, दहा मिनिटांचं काम."

मला हायसं वाटलं. पण ह्यांनी मान हलवली. "आत्ता नको साहेब. बारा वाजलेत. आपण गेलो की हक्की उठतात, अंडी उघडी पडतात. या उन्हात शिजून जातात."

"पाचला यशवंतपूर स्टेशनातून माझी गाडी आहे. आत्ता दाखवलं नाही, तर लिहिलंय तेच पुढं जाईल."

ह्यांच्या तोंडून शब्द तोच आला. "सरी. जाऊ दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांना बाजूला ओढलं. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? तळंच गेलं तर तुमची हक्की अंडी घालणार कुठं? वीसएक अंडी गेली तर गेली."

"कुठली वीस, ते तू सांग," हे म्हणाले आणि जाऊन होडीत बसले.

साहेब बराच वेळ त्यांच्याकडं बघत उभे होते. मग विचारलं, "ऊन किती वाजता उतरतं?"

"साडेपाचला."

साहेबांनी घड्याळ बघितलं, बूट काढले आणि बांधावर सावलीत टेकले. पण ते थांबतील याची खात्री कुणी द्यावी? कपाळाला आठ्या, सारखं लक्ष घड्याळाकडं. मी वाढलेलं साहेब गुमान जेवले. ह्यांना दोनदा हाक मारली, हे होडीतून हललेच नाहीत. चार वाजता ड्रायव्हरनं हॉर्न दिला. साहेब उठले, जीपकडं चालू लागले. संपलं, म्हणून मी तोंडाला पदर लावला. साहेब जीपमधली पाण्याची बाटली घेऊन परत आले आणि होते तिथंच बसले.

ऊन उतरल्यावर दोघं बेटावर गेले. भिंतीमागं गवत होतं आणि लढाईत पडलेल्या कुणाचा तरी कोरलेला दगड. साहेबांनी परतताना होडीतच ती ओळ खोडली. पुढच्या वर्षी तळं राखीव झालं.

अठ्ठ्याण्णवला हे रिटायर झाले, तेव्हा कुठं मी कबूल केलं. म्हटलं, "त्या दुपारी तुम्ही जेवायला वर आला असता ना, तर मीच साहेबांना होडीत घालून बेटावर नेलं असतं."

हे म्हणाले, "ठाऊक होतं. म्हणून तर आलो नाही."