तोंडापुरतं पाणी

माझी आई बाजाराला निघताना पाणी प्यायची नाही. तोंडात घ्यायची, खळखळवायची आणि थुंकून टाकायची. पहाटे फुलांची पाटी डोक्यावर घेण्याआधी एवढंच. "तोंड ओलं करायचं, पोटात न्यायचं नाय," असं तिनं मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला शिकवलं.

मळ्यातला झेंडू आणि शेवंती घेऊन आम्ही गंगेवर विकायला बसायचो. नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात. दुपार टळेपर्यंत जागा सोडता यायची नाही. भावांना कुठलीही भिंत चालायची. बाईमाणसाला आडोसा नव्हता, आणि पाटी सोडून लांब गेलं तर गिऱ्हाईक शेजारणीकडे वळायचं. मग उपाय एकच, प्यायचंच नाही.

याचं कुणाला दुःख नव्हतं, उलट कौतुक होतं. मला बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं सांगितलं, भाकरी चांगली थापते, हार गुंफायला हात चालतो. आणि शेवटी म्हणाली, "पोर आवरती हाय. दिवसभर बसवा, उठायची नाय." पाहुण्यांतल्या म्हातारीनं मान डोलावली. "मंग काय, बाजारचीच पोर हाय," म्हणाली. तीही फुलंच विकायची. तिला दुसरं काही विचारायचं उरलं नाही.

आईच्या कमरेत कळ यायची. आली की ती पाटीची कड घट्ट धरायची, ओठ पांढरे व्हायचे, आणि कुणी भाव विचारला की भाव सांगायची. पुढं तिचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग ती गेली. काही वर्षांनी बहीण तशीच गेली. मला खडे झाले, ते काढले, पुन्हा झाले. घरात सगळे म्हणायचे, आपल्या बायकांच्या वंशातच आहे हे. वणीच्या देवीला खण-नारळ वाहून झाला. भगतानं सांगितलं तेही करून झालं. वंशातलं आहे म्हटल्यावर मग कुणी जास्त विचार करत नाही. नाक नकटं असलं तर माणूस काय करतो?

माझी लेक माझ्याच जागेवर बसते. जावई नाशिक रोडला एका गोदामात कामाला आहे, त्याच्या एकट्याच्या पगारात भागत नाही. लेकीला मी माझ्या आईनं वाढवलं तसंच वाढवलं. दुसरं काही मला माहीत नव्हतं. मागच्या दिवाळीत, ऐन झेंडूच्या गर्दीत ती पाटीवरच वाकडी झाली. दोन दिवस तिनं ती कळ अंगावर काढली, कारण दिवाळीचा बाजार सोडून दवाखान्यात कोण जातं? शेवटी उलट्या थांबेनात तेव्हा नेली.

डॉक्टर तरुण बाई होती. तिनं फोटो बघितले आणि स्पष्ट सांगितलं, "डावी किडनी गेली. खडा अडकून बसला होता, बरेच महिने. आता उजवीवर चालवायचं. उजवीतही बारीक खडे आहेत. ती जपली नाही तर मशीनवर जावं लागेल." मग विचारलं, "घरात अजून कुणाला होतं?"

मी सांगितलं. माझी आई, माझी बहीण, मी.

लेक म्हणाली, "म्हणजे मला होणारच होतं." असं म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली, काम संपल्यासारखी. मला तिचा राग आला. उजवी अजून जिवंत होती आणि ही आत्ताच तिला पोचवून आली होती.

डॉक्टरनं मला विचारलं, "आजी, तुम्हाला भाऊ किती?"

"तिघं."

"त्यांना हा त्रास?"

"नाही. एकाला दमा हाय, तो बिडीचा."

"आणि भावजयांना?"

मी म्हणाले, "थोरली वहिनी यातच गेली."

"वहिनी तुमच्या नात्यातल्याच का?"

"नाही हो, कळवणकडच्या. शेतकऱ्याची पोर. तिच्या माहेरी असलं कुणालाच नाही. तिच्या बहिणी अजून ठणठणीत हायेत."

हे बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. वहिनी गेली तेव्हाही आम्ही म्हणालो होतो, आपल्या घरातल्या बायकांचं तेच. ती आमच्या रक्ताची नव्हती हे घरात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिच्या माहेरी बायका रानात जायच्या, उभ्या पिकात आडोसा मिळायचा, तहान लागली की विहिरीवर पाणी प्यायच्या. आमच्याकडे आल्यावर आईनं तिला चूळ भरायला शिकवली.

डॉक्टर म्हणाली, "थोडं रक्तातून येतं, खोटं कशाला सांगू? काही घरांत खडा लवकर धरतो. पण तुमच्या भावांना तेच रक्त मिळालं आणि काही झालं नाही. वहिनींना ते रक्त मिळालंच नाही. मग त्यांना तुमच्या घरातून मिळालं काय?"

मी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "पाटी."

डॉक्टरनं विचारलं, "दिवसातून लघवीला किती वेळा जाता?"

"घरी आल्यावर," लेक म्हणाली.

मला आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझे खडे काढले त्यांनीही नाही.

माझी पावलं आईसारखी आहेत, पसरट, अंगठा बाहेर गेलेला. लेकीचीही तशीच, नातीचीही तशीच. ती काही आईनं शिकवली नाहीत, ती आली. चूळ मात्र शिकवली. दोन्ही एकाच घरातून आलं म्हणून आम्ही दोन्हीला एकच समजत राहिलो. चौथीपर्यंत शिकलेय मी. पण एवढं कळायला चौथीचीही गरज नव्हती. भाऊ आणि वहिनी दोघं रोज डोळ्यांसमोर होते.

कळलं म्हणून लगेच काही झालं नाही. लेक भरलेली बाटली घेऊन बाजारात जायची आणि तशीच भरलेली परत आणायची. मी बोलले तर म्हणाली, "आई, तुला बोलायला काय जातं? संडास पार तिकडं पुलाजवळ. तोवर पाटीवर कोण बसेल? तू?"

"मी बसेन," म्हणाले.

आणि जाऊन बसले. गुडघे दुखतात, खाली बसलं की उठताना कुणाचा तरी हात लागतो, पण बसते. पहिल्या दिवशी शेजारच्या बायकांना चेव आला. मेथीवाली म्हणाली, "का गं मावशे, सुना जेवाया घालीनात का?"

"लय घालतात. पण पोरीला मुतायला जायचं हाय."

"अगंबाई! त्याच्यासाठी आईला बसवलं?"

"तूही जा. तुझीही मेथी बघते."

ती हसली, गेली नाही. दोन दिवसांनी मात्र आपणहून उठून गेली.

लेकीचं मात्र जड होतं. जायची, आणि "होतच नाही" म्हणत परत यायची. अंगालाच सवय राहिली नव्हती. घोटभर पाणी प्यायली की चोरी केल्यासारखा चेहरा करायची. दर काही महिन्यांनी तपासणी असते. उजवी अजून चालते आहे. डॉक्टर त्यापुढं काही बोलत नाही, मीही विचारत नाही.

या उन्हाळ्यात कळवणला वहिनीच्या भाचीचं लग्न होतं. मी, लेक आणि सातवीतली नात एसटीनं निघालो. स्टँडवर गाडीत बसलो, ऊन मी म्हणत होतं. नातीनं बाटली काढली. लेक सवयीनं बोलून गेली, "आता पिऊ नको. मधे गाडी थांबायची नाही."

नातीनं बाटली तोंडाला लावली, घोट घेतला, खळखळवला, आणि खिडकीतून बाहेर थुंकला. मग टोपण लावून ठेवून दिली.

माझी आई या पोरीनं पाहिलेली नाही. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी आई गेली. पण गाल तसेच फुगले, मान तशीच वळली. मी लेकीकडं बघितलं. तिनंही पाहिलं होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मी नातीच्या हातून बाटली घेतली आणि तळापर्यंत प्यायले. दिंडोरी मागं पडल्यावर कंडक्टरला हाक मारली, "भाऊ, गाडी थांबवा."

"आजी, इथं स्टॉप नाही."

"मला स्टॉप नको. जायचंय."

"मग स्टँडवर नाही का जायचं!"

"तेव्हा नव्हती आली."

"वणीला थांबेल ना गाडी. आवरा जरा."

"लय वर्षं आवरली. आता सीट ओली झाली तर मला बोलायचं नाही."

मागची पोरं फिदीफिदी हसायला लागली. लेक माझा पदर ओढून म्हणाली, "आई, गप ना, लोक बघतायत." मी म्हणाले, "बघू दे." ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी आत घेतली.

मी दांडा धरून उतरले. चार पावलं गेले तर मागं चपलांचा आवाज. लहान लेकरू कडेवर घेतलेली एक बाई उतरली. तिच्यामागं कॉलेजच्या पोरी. मग नऊवारीतल्या दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून. बघता बघता गाडीतल्या बहुतेक बायका खाली. कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, "आता काय सगळ्यांनाच आली?"

"तुला येत नाय का रं?" एक म्हातारी म्हणाली. "का टिकिट काढावं लागतं?"

त्यावर तोही हसला.

नात उतरून रांगेत माझ्यामागं उभी राहिली. लेक गाडीतच होती. खिडकीतून तिचं डोकं दिसत होतं. माझा नंबर आला, मी जाऊन आले, नात जाऊन आली. रांग संपत आली तेव्हा लेक उतरली. सगळ्यांच्या शेवटी गेली आणि बराच वेळ आत राहिली. कंडक्टरनं घंटी वाजवली. मी पायरीवर उभी राहिले, म्हणजे गाडी हलणार नाही.

ती आली ती पंपावरच्या दुकानातून पाण्याची गार बाटली घेऊन. जागेवर बसली, टोपण उघडलं आणि प्यायली. चूळ नाही, घोट. एक, मग दुसरा, मग दम घेऊन तिसरा. गळ्याची शीर हललेली मला दिसली.

नात म्हणाली, "मम्मी, वणी लांब आहे अजून."

"असू दे," लेक म्हणाली, आणि बाटली तिच्यापुढं धरली.