करपलेल्या केकची जबाबदारी

आठ महिने आमच्या घरात मी टपालखातं चालवलं. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले आमचे हे आणि गोरव्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून स्वयंपाकी झालेला आमचा मुलगा, या दोघांत अबोला होता. "त्याला सांग, गीझर बंद कर," हे म्हणायचे. तो समोरच उभा असायचा. "बाबांना सांग, केलाय," तो म्हणायचा. आणि मीही निरोप पोचवायचे, वेड्यासारखी.

मुलगा अलकापुरीतल्या नव्या बास्क हॉटेलात लागला होता. बास्क म्हणजे स्पेनच्या उत्तरेकडचा मुलूख, हे मला त्यानंच शिकवलं. मी ते कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीभर सांगत फिरले. ह्यांचं म्हणणं एकच: "पूर्वज महाराजांच्या फौजेत तलवार चालवत होते, हा कांदे चिरतोय!"

माझ्या साठाव्या वाढदिवसाला मी जाहीर केलं की दुपारी जेवेन तर तिथेच, नाहीतर उपाशी राहीन. माझ्या उपासावर ह्यांचा कधीच विश्वास नव्हता, पण त्या दिवशी बसला. मला भेट एकच हवी होती: बापलेकांनी एकमेकांशी एक तरी वाक्य बोलावं.

आधी पावाचे छोटे तुकडे आले. वर भाजलेली मिरची, चीज, बटाटा, आणि सगळ्याला आरपार टोचलेली काडी. "जेवायच्या आधीच दात कोरायचे?" हे एवढ्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या टेबलावरचं कुटुंब आपल्या काड्यांकडे बघू लागलं. मी टेबलाखालून ह्यांचा पाय दाबला. तरी सहा तुकडे खाल्ले त्यांनी. आवडल्याचं मात्र कबूल करतील तर शपथ.

मग दोघांना एकेक छोटा केक आला. वरून काळाकुट्ट.

ह्यांचा चेहरा पडला. "करपवला गं गाढवानं!" ते कुजबुजले. तेवढ्यात गल्ल्यावर बसलेली मालकीणबाई उठून एकेका टेबलापाशी विचारपूस करत येऊ लागली. ह्यांनी माझी बशी ओढली, सुरी घेतली आणि सकाळचा करपलेला टोस्ट खरवडतात तसा दोन्ही केकांचा काळा थर खरवडून काढला. आता तो टाकायचा कुठे? खिशात रुमाल नव्हता. बाई दोन टेबलांच्या अंतरावर आली. ह्यांनी सगळा काळा ऐवज तोंडात कोंबला.

"केम काका, केक भाव्यो ने?" तिनं हसून विचारलं.

"बहु सरस, बेन!" संकट आलं की हे गुजरातीत शिरतात. मग एका दमात त्यांनी तिला त्याच भाषेत सांगितलं की केक काळा करायला त्यांनीच आत निरोप धाडला होता, मुलाचा काही दोष नाही, माझा मुलगा फार गुणी आहे, त्याला नोकरीवरून काढू नका. पांढऱ्या मिशा काळ्या झाल्या होत्या. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. 'माझा मुलगा' हे शब्द मी आठ महिन्यांनी ऐकत होते.

बाई गोंधळली. "पण काका, हा केक असाच असतो. वरून मुद्दाम जाळतात. तुमच्या मुलासारखा कुणालाच जमत नाही." आणि तिनं त्याला आतून बोलावलं.

तो हात पुसत आला. बापाच्या मिशा बघितल्या, खरवडलेले केक बघितले. मग सवयीनं माझ्याकडे वळला. "आई, बाबांना विचार, केक कसा झालाय."

मी घाईघाईनं केकचा मोठा घास तोंडात भरला आणि नुसती मान हलवली. आज टपाल बंद.

शेवटी ह्यांनी रुमालासाठी खिसा चाचपला, तो नव्हताच, म्हणून मनगटानं मिशी पुसली.

"कडू आहे," हे त्याला म्हणाले. "अजून एक आण."