आमच्या मातीची बोडी

ती नाव पांढरी होती, तिला लाल पट्टा होता, आणि इतक्या वर्षांनंतरही ती आठवली की माझं डोकं फिरतं.

तिरोड्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाला एक लहानशी बोडी. मातीची पाळ, आमच्या बोलीत पार, घालून पावसाचं पाणी अडवायचं, तेच खालच्या धानाला सोडायचं, एवढाच तिचा पसारा. बोडी मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची. कागदावर त्याची, इतकंच मी मान्य करते. कारण पाळ उभी होती ती आम्हा बायांच्या डोक्यांवर. दर अक्षय तृतीयेला डफ वाजला की घराघरातून बाया टोपली घेऊन निघायच्या आणि पाळीवर माती टाकायच्या. मजुरी कुणी मागत नसे, कुणी देत नसे. माती गावाने द्यायची आणि धान तहानेला आला की पाणी मालगुजाराने सोडायचं, असा तो जुना रिवाज होता. नव्या सुनेचं पहिलं टोपलं तर मानाने टाकलं जाई. माझं टाकलं तेव्हा सासूने पाळीलाही कुंकू लावलं आणि मला म्हणाली, "आता हे पार तुयी बी झाली व."

पुढे मालगुजारी गेली. मोठे तलाव सरकारकडे गेले, ही बोडी लहान म्हणून त्याच्याकडेच राहिली. हुकूमत गेल्यावर माणसाला करमायला काहीतरी हवं ना! त्याने पाळीवर बसायला सिमेंटचा बाक केला, कुठूनशी ती नाव आणवली, आणि दर इतवारी गोंदियाचे पाहुणे जलविहाराला येऊ लागले. त्या साली अक्षय तृतीयेला त्याने सांगितलं, "पार हातभर उंच करा." आणि आम्ही खुळ्या! जास्त पाणी म्हणजे जास्त धान, या आनंदात गाणी म्हणत आम्ही पाळ हातभर चढवली. हे वाढलेलं पाणी नाव तरंगायला हवं आहे, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण इथे तर आम्हीच नागोबाला बीळ खोदून दिलं होतं.

दसऱ्याच्या आधीच पाऊस पळाला. आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, अगदी पाळीखाली. नवरा तुमसरकडे खाणीत कामाला, शेती सासूची आणि माझी. धान पोटरीत आलेला. एक पाणी मिळालं असतं तर वर्षाचा भात घरात येत होता. सासू मला घेऊन पाळीवर गेली. पाणी सोडायचं जे दगडी दार असतं, ज्याला आम्ही तुडुम म्हणतो, त्याच्या दट्ट्यावर लोखंडी पट्टी आणि तिला हे मोठं कुलूप!

"मालक, धान पोटरीवर आला जी. तुडुम खोला," सासू म्हणाली.

तो बाकावर पान लावत बसला होता. "पाणी उतरलं तं नाव गाळात फसंल. इतवारी पाहुणे येऊन राह्यले."

"मंग आमी पार काऊन भरली जी?"

"मी कायले सांगू? तुमची चाल हाय, तुमी भरली."

त्या इतवारी नावेत बसून कुणीतरी ओरडलं, "वाह, क्या तालाब है!" आणि पाळीच्या या अंगाला आमच्या बांधीत भेगा पडल्या होत्या. धान पोचट निघाला. तणीस, म्हणजे उरलेला पेंढा, बैलांना घातली आणि वर्षभर आम्ही विकतच्या कण्या खाल्ल्या. प्रत्येक घासाला मी त्याला शिव्या दिल्या, त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

पुढच्या अक्षय तृतीयेला डफ वाजला. एकही बाई घराबाहेर पडली नाही. डफवाला वाजवून वाजवून थकला आणि घरी गेला.

श्रावणात चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी मालगुजार आमच्या दारात उभा. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल. "तुडुमाजवळ पार खचून राह्यली. चला, गावाची पार हाय!"

"गेल्या साली तुमची होती जी," सासू म्हणाली. "आज गावाची कशी झाली?"

पण तिने टोपलं उचललं. मी तिच्या आडवी आले. "कायले जाता? जाऊ द्या ना त्याची नाव वाहून!"

"नाव नाई जायची व," ती म्हणाली. "नाव तरंगते. जायल तो आपला धान."

खरंच होतं. पाळ फुटली तर पहिली आमची रोवणी गेली असती. हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो आधी आमच्या दारात आला होता. त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला, तितका कण्या खातानाही आला नव्हता.

पाळीवर साऱ्या बाया जमल्या. भर पावसात, डोक्यावर मातीची टोपली. सासूने हात पुढे केला. "किल्ली."

"आधी माती टाका."

तिने टोपलं खाली घेतलं नाही. मागे कुणीच घेतलं नाही. खचलेल्या जागेतून गढूळ पाणी भुळभुळ वाहत होतं. नाक दाबलं की तोंड उघडतं. त्याने कमरेची किल्ली काढली. सासूने कुलूप काढून दट्ट्या ओढला, पाटात पाणी धावलं, पाळीवरचा भार हलका झाला. मग तिने ते कुलूप त्या खचलेल्या भगदाडात टाकलं आणि वर आपलं टोपलं उपडं केलं. मागून आम्ही सगळ्यांनी.

त्या साली धान पिकला. शेवटच्या पाण्याला मी फावडं घेऊन पाटात उभी होते. तो वर बाकावर पाहुण्यांना सांगत होता, "गाँव वाले हमको बहुत मानते हैं. पाल टूटने को थी, तो सारी औरतें बिना बुलाए दौड़ी आईं."

सासूने माझं मनगट धरलं. मी सोडवून घेतलं आणि खालून ओरडले, "मालक, कुलूप कोठी हाय, ते बी सांगा ना जी पाहुण्याईले!"

पाहुण्यांना काही कळलं नाही. ते हसून त्याच्याकडे पाहू लागले. तो मात्र बाकावरून उठला आणि माझ्याकडे न बघता नावेकडे चालू लागला.