रुमालाखालचा सौदा

भायखळ्याच्या भाजीबाजारात आम्ही जुने व्यापारी मोठा भाव तोंडाने बोलत नाही. रुमालाखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. पार्किन्सनने माझा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा एकजण भर बाजारात ओरडला, "शेठ, भाव सांगताय की तबला वाजवताय?" तेव्हापासून सौद्याला धाकटा भाऊ बसतो आणि मी खुर्चीत बसून जळतो.

मला तो हात परत हवा होता, म्हणून परळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"काका, एक प्रयोग चाललाय," त्या म्हणाल्या. "मेंदूतल्या पेशींना जगवणारं वाढीचं प्रथिन बारीक नळीने थेट मेंदूत सोडायचं. गुण येईलच असं नाही. शिवाय तुलनेसाठी निम्म्या लोकांना नुसतं पाणी मिळणार."

"डोक्याला भोक पाडून पाणी?" माझा पारा चढला. "आम्ही मेथीवर पाणी मारलं तर गिऱ्हाईक शिव्या घालतं!"

"कोणाला काय मिळालं, ते मलाही माहीत नसणार."

मी टेबलावर रुमाल पसरला. "तोंडाने नका सांगू. एक बोट म्हणजे औषध, दोन म्हणजे पाणी."

बाईंनी खरोखरच रुमालाखाली हात घातला, पण एकही बोट दाबलं नाही. माझाच हात थरथरत राहिला.

"एक, दोन, एक, दोन," त्या हसल्या. "काका, भाव तुम्हीच बोलताय."

आपला माल कोणता हे ठाऊक नसलेला व्यापारी मी जन्मात पाहिला नव्हता. तरी संमतीचा कागद ओढला आणि सही केली. ती इतकी वाकडी आली की बाईंनी विचारलं, "ही तुमचीच ना?"

"ते मलाही माहीत नाही," मी म्हणालो.